आडातलं पुरण

साथीचा ताप आला त्या वर्षी आमच्या गावात क्वचितच एखादं घर कोरडं राहिलं. आमच्या सासूबाई मात्र वाचल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. थंडी पडू लागली तेव्हा त्या अंथरुणातून उठून पुन्हा चुलीपाशी बसल्या आणि घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. तापानं जाताना त्यांचं काय नेलं, ते मात्र फक्त मला कळलं, आणि ते कळल्याचा मला पुढं फार त्रास झाला.

कळलं ते दुधावरून. मी ओसरीवर ज्वारी पाखडत होते. आतून दूध करपल्याचा वास आला. सूप टाकून धावले, तर आत्याबाई चुलीकडं पाठ करून निवांत लसूण सोलत बसलेल्या. झाकणाखालून धूर निघत होता.

"आत्याबाई, दूध लागलं!"

त्या दचकल्या. मग पातेल्याकडं बघून म्हणाल्या, "वरडायला काय झालं? मुद्दाम लागू दिलंय. खरवड आवडती तुज्या सासऱ्याला."

ते दूध म्हशीनंसुद्धा प्यायलं नसतं. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. पुढं रॉकेल सांडलं तेव्हा, बोका कोनाड्यात घाण करून गेला तेव्हा, प्रत्येक वेळी मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांच्या नाकाला काही कळत नव्हतं. वास असा काही उरलाच नव्हता त्यांना.

आता हे एखाद्या पुरुषाचं झालं असतं तर काय बिघडलं असतं? पण आमच्या घरात उरलेलं अन्न ठेवायचं की टाकायचं हे आत्याबाई ठरवायच्या. सकाळी त्या शिंक्यावरची भांडी खाली काढायच्या. रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेलं ताक-दूध बघायच्या. उन्हाळ्यात जास्तीचं काही असलं तर ते पितळी डब्यात घालून, तोंडाला फडकं बांधून आडात सोडलेलं असायचं, पाण्याच्या जरा वर. तो डबा दोरीनं वर ओढायच्या. पूर्वी झाकण काढलं, नाक जवळ नेलं की निकाल लागायचा. तापानंतर त्या बोट लावून बघायला लागल्या. बोटाला गार लागलं की चांगलं, एवढं सोपं करून टाकलं त्यांनी ते.

आणि मग मला हाक. "जरा बघ गं. मला पडसं झालंय."

ते पडसं महिनोन्महिने होतं. मी वास घ्यायची आणि सांगायची, "आंबलंय, आत्याबाई."

"आंबलं न्हाई. चिंच जास्ती पडलीया."

"तार सुटलीय बघा."

"भेंडीची भाजी हाय ती. भेंडीला तार असतीच."

भेंडीवर बोलणं संपायचं. मला विचारायचं, मी सांगायचं, आणि मग मी सांगितलं त्याच्या नेमकं उलट करायचं. माझं ऐकायचं नाही तर मला विचारतात तरी कशाला, हे मला काही केल्या उमगत नव्हतं. बरं, शिळं पुरुषांच्या ताटात जायचं नाही. त्यांना गरम भाकरी, ताजं कालवण. शिळं ते आम्हा बायकांना. आत्याबाई स्वतःही तेच खायच्या, हे कबूल करायला हवं, आणि त्यांना काही व्हायचं नाही. पोट बिघडायचं माझं. मग त्या म्हणायच्या, "माहेरची नाजूक हाय."

माझं माहेर गोदावरीकाठचं. माझी आई अन्नाबद्दल शंका आली की वाद घालत नसे, सरळ गुरांपुढं टाकायची. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर आत्याबाईंनी आठवडाभर ते धरून ठेवलं. "आमी काय जहागीरदार न्हाई बाई, म्हशीला पुरणपोळी चारायला," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

शेवटी मी आमच्या मालकांना सांगितलं. ते बैलांना पाणी दाखवून आले होते, पाय धूत होते.

"आत्याबाईंना वास येत न्हाई," मी म्हणाले. "साथीपासून येत न्हाई. तुमी एकदा बोला त्यांच्याशी."

ते हसायलाच लागले. "आईला? काल तर मला म्हणाली, कुडतं बदल, बैलाचा वास मारतोय. वास येत न्हाई तर हे कसं कळलं गं तिला?"

"तुमी गोठ्यातनं आलेलं बघितलं त्यांनी."

"तू लई हुशार हायेस," ते म्हणाले. "जलम चुलीपाशी गेला तिचा. तिला कळत न्हाई अन् तुला कळतंय."

मी तांब्या उचलून आत गेले. माझ्या बोलण्याचा त्या घरात असाच निकाल लागायचा.

पुढच्या चैत्रात वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, बघायला पाहुणे यायचे ठरलं. मुलगा बीडच्या तहशिलीत कारकून होता. त्याला आई नव्हती, मावशीनं वाढवलेला. घर मांजरसुंब्याच्या पलीकडं एका खेड्यात. आमचं गाव तलवाड्याच्या अंगाला, म्हणजे बैलगाडीनं चांगलाच लांबचा पल्ला. पाहुणे बीडला मुक्काम करून येणार होते. सरकारी नोकरीतलं स्थळ म्हणून मामंजी, माझे सासरे, हरखून गेले होते. ओसरी सारवली, बैलांच्या शिंगांना तेल लावलं, मी पुरण वाटलं. पुरण असं वाटलं होतं की हाताला कण लागू नये. सुंठ, वेलदोडा, बडीशेप, सगळं घातलं. खांदे भरून आले होते माझे.

पाहुणे आले नाहीत. दुपार टळल्यावर एक घोडेस्वार निरोप घेऊन आला. घाटात त्यांच्या बैलाचा खूर दुखावला होता, दुसरा बैल बघतायत, उद्या पोचतील. आत्याबाईंनी पुरण डब्यात भरून आडात सोडलं. एका रात्रीसाठी ते ठीक होतं, मीही काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशीही पाहुणे आले नाहीत. ऊन असं होतं की आडातलं पाणीही खाली गेलेलं आणि डबा नुसता कोरड्या हवेत लोंबकळत होता. संध्याकाळी मी म्हणाले, "आत्याबाई, पुरण आज खाऊन टाकू. उद्या नवं घालू."

"पाव्हण्यांचं पुरण आपण खायचं? कसली अवदसा आठवली तुला?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मोट धरायला गेलेला गडी धावत आला. वेशीपाशी गाडी दिसत होती.

डबा वर काढला. आत्याबाईंनी बोट लावलं. "दगडावानी गार हाय," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मी वाकून वास घेतला. गार अन्नाला वास कमीच येतो, आणि तरीही त्यात काहीतरी आंबूस होतं. मी लिंबाएवढा गोळा घेतला, तळहातावर दाबला आणि चुलीच्या धगीपाशी धरला. जरा कोमट झाला तसा वास वर आला. ताडीसारखा. बोटं उघडली तर मधे बारीक तार ओढली गेली.

"हे बघा. हे न्हाई चालायचं."

त्यांनी माझा हात धरून नाकाशी नेला. भरपूर श्वास घेतला. अगदी डोळे मिटून घेतला. मी वाट बघत उभी. मनात म्हटलं, आता तरी.

"विलायची हाय ती," त्या म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आत्याबाई, विलायचीचा वास असा असतो? तुमी मला जरा वेळ द्या. डाळ रटरट शिजवते, वाटते. पाव्हणे हातपाय धुवेस्तवर, चहा-पाणी होईस्तवर होतं सगळं."

"पाव्हणे दारात अन् तू डाळ शिजवणार? अन् ह्याचं काय करायचं? एवढा गूळ, एवढी डाळ?"

मी ओसरीकडं वळले. मामंजी फेटा बांधत होते. त्यांच्याशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून मी दाराआडून आमच्या मालकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुरण बिघडलंय. कुणीतरी आत्याबाईंना सांगा."

मामंजी फेट्याचा शेव खोचत म्हणाले, "चुलीतलं आमाला काय विचारता? ते तुमी बायका बघा."

आणि मालक दबक्या आवाजात, "आजच्या दिवशी तरी वाद कावून घालतेस?"

राहिल्या वन्सं. त्या माजघरात नवं लुगडं सावरत होत्या, घामाघूम. मी जाताना त्यांनी माझा हात धरला. "वैनी, मला बी वास येतोय," त्या कुजबुजल्या. मला वाटलं, सुटले! मी त्यांना तशीच ओढून चुलीपाशी आणलं.

"सांगा तुमच्या आईला."

आत्याबाईंनी मान वर केली. "काय गं? पुरण बिघडलंय?"

वन्संनी डब्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. "न्हाई," म्हणाल्या. "चांगलं हाय की."

 मी पोळपाट घेतला, लाटणं घेतलं, आणि पोळ्या लाटायला बसले. तव्यावर पोळी पडली की तो आंबूस वास सगळ्या घरात भरून राहायचा. दारात उभ्या असलेल्या कुत्र्याला कळत असेल, पण आमच्या घरात कुणाला कळत नव्हतं.

पुरुषांची पंगत आधी बसली. मुलाचे वडील चांगले धिप्पाड, दिलखुलास गृहस्थ होते. पोळीवर तूप, तुपावर दूध, असं त्यांचं जेवण. मी दाराआडून ऐकत होते.

"पुरणात चिंचेचा कोळ घालता काय तुमी?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. "आंबटगोड. आमच्याकडं असलं कधी खाल्लं न्हाई. लई झ्याक हाय."

"हा आमच्या घरचा खास हात हाय," मामंजी म्हणाले, आणि त्यांना साथ म्हणून स्वतःही आणखी एक पोळी मागितली. मुलगा मात्र लाजून खाली बघत आमटी-भातच खात होता. तो वाचला.

मग आम्ही बायका. मुलाची मावशी पाटावर बसली, समोर आत्याबाई. वन्सं वाढायला. मी चुलीपाशी. मावशी वाळकी, डोळ्यांनी तेज, बोलणं मोजकं. तिनं पोळी मोडली. मोडताना दोन तुकड्यांच्या मधे तार ओढली गेली ती तिनं बघितली. तुकडा नाकाशी नेला. खाली ठेवला.

"पुरण कवाचं हाय?"

"पहाटं वाटलंय," आत्याबाई म्हणाल्या.

मावशी माझ्याकडं वळली. "पाट्यावर कोण बसलं हुतं, पोरी?"

"मीच, मावशी."

"पहाटं?"

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. वन्संच्या हातात तुपाची वाटी तशीच. मला आजही आठवतं, त्या क्षणी मला भीतीपेक्षा कंटाळा जास्त आला होता. सकाळपासून मी तेच सांगत होते आणि आता पहिल्यांदा कुणीतरी ऐकायला म्हणून विचारत होतं.

"परवा वाटलंय," मी म्हणाले. "आडात ठेवलं होतं. आंबलंय. खाऊ नका."

मावशीनं ताट हलकेच पुढं सरकवलं. "मला भाकरी असली तर दे. लोणचं दे." भाकरी दिली. तिनं ती शांतपणे खाल्ली आणि आत्याबाईंना विचारलं, "तुमाला कळलं न्हाई व्हय?"  आत्याबाई पुरणपोळी खात राहिल्या. शेवटचा घास संपेपर्यंत खात राहिल्या.

दिवेलागणीला मुलाचे वडील ओसरीवर आडवे झाले. मग उलट्या सुरू झाल्या. मी ओवा-सुंठ उकळून दिलं, ताकात मीठ घालून दिलं. मालक तलवाड्याला जाऊन हकिमाला घेऊन आले. मामंजी तेवढ्या वेळात तांब्या घेऊन कितीदा तरी मळ्याकडं जाऊन आले. मालकांनी विचारलं तर म्हणाले, "मोटेचा नाडा बघायला गेलतो." अंधारात.

हकिमानं जीभ बघितली, नाडी बघितली, काय खाल्लं विचारलं आणि पुड्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी गाडी जुंपून ते निघून गेले. जाताना बोलणं गोडच झालं. पुढं निरोप आला की घर लांब पडतं, म्हणून योग दिसत नाही. कदाचित खरंच लांब पडत असेल.

पण आमच्या घरात त्याचं कारण ठरून गेलं होतं. ते कारण मी. "जेवत्या माणसाच्या मनात किंतु भरवला," मामंजी ओसरीवरून म्हणाले. "चांगलं पचत हुतं." मालक म्हणाले, "तू बोललीस म्हणून त्यांना झालं. मनाचं असतंय ते." मी म्हणाले, मी बोलले ते आत, मावशीपाशी, बाहेर त्यांना ऐकूसुद्धा आलं नव्हतं, आणि मावशीनं खाल्लं नाही, तिला काही झालं नाही. "बघ," ते म्हणाले, "परत वाद."

वन्सं परसात बसून रडत होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "वैनी, तुमी गप बसायला पायजे हुतं."

"वन्सं, तुमाला वास आलता न्हवं?"

"आलता."

"मंग?"

"मला कुणी विचारलं का?"

"आत्याबाईंनी विचारलं होतं की. माझ्यासमोर."

त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. 

त्यानंतर कितीतरी दिवस आत्याबाईंनी मला कशाचा वास घ्यायला बोलावलं नाही. पडसंही थांबलं. त्या बोट लावायच्या आणि वाढायच्या, आणि मला आधीपेक्षा वाईट खावं लागायचं. मग एका दुपारी घरात कुणी नसताना, मी भाकरी थापत असताना, त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. बराच वेळ राखेत काडीनं रेघा ओढत राहिल्या.

"मला वास येत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "साथीपासून. ह्या चुलीच्या धुराचा बी न्हाई. खाल्लेलं मातीवानी लागतं सगळं."

मी हात थांबवला.

"तुला ठावं हुतं न्हवं?"

"होतं."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

 "रोज सांगत होते की! रोज. आंबलंय म्हणून, बिघडलंय म्हणून!"

"ते अन्नाचं सांगत हुतीस," त्या म्हणाल्या. "नाकाचं कुठं सांगितलंस?"

 मग त्या जरा हळू आवाजात बोलल्या. त्यांच्या सासूला म्हातारपणी दिसेनासं झालं, तेव्हा घरानं तिला चुलीवरून उठवून ओसरीच्या कोपऱ्यात बसवलं होतं. तिला चहालाही कुणी विचारायचं नाही. चुलीपाशची तिची जागा आत्याबाईंनी स्वतःच घेतली होती. "नाक गेलेल्या बाईला चुलीपाशी कोण बसू देणार?" त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. माझ्यावर, तापावर, कुणावर ते मला कळलं नाही.

"मी न्हाई उठवणार तुमाला," मी म्हणाले.

"कुणाला सांगू नको."

"न्हाई सांगत."

तेव्हापासून आमचं असं ठरलं की त्या भांडं माझ्यापुढं सरकवतील, चांगलं असलं तर मी ते परत त्यांच्याकडं सरकवीन, बिघडलेलं असलं तर माझ्याकडंच ठेवीन. वाटलं, संपली कटकट. कुठली संपते? मी भांडं ठेवून घेतलं तरी कधीकधी त्या ते ओढून घ्यायच्या आणि वाढायच्या. का, विचारलं तर म्हणायच्या, "दर बारीला तुजंच खरं कसं असंल?"  मी सांगितलेलं खरं ठरतं म्हणूनच ते अधूनमधून खोटं ठरवलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. मला त्यांची दयाही यायची आणि त्यांच्या हातातलं ते भांडं हिसकावून अंगणात भिरकवावंसंही वाटायचं, दोन्ही एकाच वेळी.

वन्संचं लग्न दुसऱ्या वर्षी झालं, जवळच्याच गावातल्या मुलाशी, आमच्या अंगणात मांडव घालून. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वांग्याच्या भाजीचं मोठं पातेलं अर्धं भरलेलं राहिलं होतं. पाहुणे अजून होते, गडी-माणसं होती, न्याहारीला काय द्यायचं हा प्रश्न होता. आत्याबाईंनी पातेलं माझ्यापुढं सरकवलं. मी झाकण उचललं आणि पटकन परत ठेवलं. पातेलं माझ्याकडंच राहू दिलं. मनात म्हटलं, आता ओढून घेतील.

त्यांनी ओढलं नाही. त्या उठून मांडवाच्या खांबापाशी गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भाजी आंबलीया. कुणाला वाढू नका. टाकून द्या."

मामंजी व्याह्यांबरोबर बाजेवर बसले होते. "बघा," ते व्याह्यांना म्हणाले, "आमच्या घरच्या बाईचं नाक बघा. झाकण काढायच्या आधी कळतंय तिला."

व्याही माना डोलवत होते. आत्याबाईंनी पदर सारखा केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

आमचे मालक मात्र माझ्याजवळ आले. "बघितलंस?" ते हळूच म्हणाले. "शिक जरा आईकडनं."

पातेलं जड होतं. मी ते कडेवर घेतलं आणि उकिरड्याकडं चालू लागले.